वॉल्व्ह कोण बंद करतंय?

माझा स्वभाव संशयी आहे. हे कबूल करण्यात मोठेपणा काही नाही. बायको गेली पस्तीस वर्षं येईल त्याला हेच सांगत आलीये, आता लपवायला उरलंय काय? भाजीवाल्याने काटा धरला की मी वाकून काट्याच्या खाली बघतो. रिक्षावाल्याने सरळ रस्ता घेतला तरी मला वाटतं, हा सरळ का चाललाय?

यात थोडा दोष नोकरीचा. ठाण्यातल्या एका कारखान्यात मी बत्तीस वर्षं टाइमकीपर होतो. कोण किती वाजता आत आला, कोण किती वाजता बाहेर पडला, आणि कार्ड पंच करणारा माणूस कार्डावरचाच आहे का, हे बघायचं. एक जण टपरीवर चहा पितोय आणि त्याचं कार्ड दुसऱ्याच्या हातात, असले प्रकार मी ढिगाने पकडले. कामगार मला पाठीमागे काय म्हणायचे ते मला ठाऊक होतं. मला वाईट वाटायचं नाही, उलट बरं वाटायचं.

रिटायर झाल्यावर आठवड्याभरातच एक गंमत झाली होती. सकाळी तयार होऊन, पिशवीत रिकामा डबा टाकून मी घराबाहेर पडलो, ते थेट ठाणं गाठून खोपटला बस डेपोशी उतरलो, तेव्हा डोक्यात उजेड पडला की आपल्याला आता कुठे जायचंच नाहीये. घरी सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. तेव्हा हसायला नको होतं, पण ते आत्ता कळतंय.

आमची बिल्डिंग डोंबिवली पूर्वेला. चार मजले, सोळा बिऱ्हाडं, सगळी जुनी माणसं. पहाटे साडेचारला नळाला पाणी येतं, ते जमिनीखालच्या टाकीत पडतं आणि तिथून मोटर लावून गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. मागच्या बाजूला एक खड्डा आहे, त्यावर लोखंडी झाकण, आत पाण्याच्या लाइनचा वॉल्व्ह. पूर्वी खालची टाकी पावणेसहापर्यंत भरून वाहायला लागायची. पाणी गेटबाहेर गेलं की शेजारच्या सोसायटीवाले भांडायला हजर. म्हणून दूध घेऊन येताना पावणेसहाला वॉल्व्ह बंद करायचं काम मी अंगावर घेतलं होतं. संध्याकाळी उघडायचा तो कुणीही उघडायचं, पण बंद करणं माझ्याकडे. अठरा वर्षं मी हे केलं. थंडी म्हटली नाही, ताप म्हटला नाही, मुलीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा मुंडावळ्या आणायला जाताना आधी वॉल्व्ह बंद केला.

मग गुडघे कुरकुरायला लागले. तोवर सोसायटीचा सेक्रेटरीही मीच होतो, ते पद सोडलं आणि ते तिसऱ्या मजल्यावरच्या एका तरुणाकडे गेलं. तो घरूनच कंप्युटरवर काम करतो आणि त्याला सगळं आपोआप हवं असतं. त्याने टाकीत फ्लोट बसवून घेतला. टाकी भरली की पाणी आपलं आपण थांबतं, वॉल्व्हला हात लावायची गरज नाही. ते बरंच झालं, कारण आजूबाजूला टॉवर उभे राहिलेत, पाण्याचा जोर कमी झालाय आणि आता टाकी भरायला सात वाजतात. त्याच सुमाराला नवा वॉचमन ठेवला. जालन्याकडचा, चाळिशीचा, बोलायला कमी. तो आणि त्याची बायको मीटर रूमशेजारच्या खोलीत राहायला आले. ती आमच्याकडे आणि आणखी दोन घरी भांडी घासायला लागली. पाण्याचं सगळं आता वॉचमनकडे, असं ठरलं.

आणि पंधरा दिवसांत पाणी कमी पडायला लागलं.

आधी वरच्या मजल्यांची ओरड. मग सगळ्यांचीच. सकाळी नऊला नळ कोरडे. बादल्या, पिंपं, टॅंकर. टॅंकर आला की गेटवर तोच उभा, पाइप ओढायला तोच. मी गॅलरीतून बघायचो आणि मनात म्हणायचो, वा रे पठ्ठ्या. कमिटीने त्याला बोलावून विचारलं तेव्हा तो म्हणाला, "साहेब, कुणीतरी वॉल्व्ह बंद करतंय. मी रोज संध्याकाळी उघडतो, दुसऱ्या दिवशी बघावं तर बंद, आणि तोवर नळाचं पाणी गेलेलं."

"कोण बंद करतंय?" मी विचारलं. "भूत?"

तो माझ्याकडे बघत राहिला. बत्तीस वर्षांत असले चेहरे मी पुष्कळ पाहिलेत. पकडलेला माणूस असाच बघत राहतो. मी तिथेच मनात निकाल लावून टाकला. टॅंकरवाल्याशी याचं साटंलोटं आहे, हाच वॉल्व्ह बंद करतो आणि हाच 'चोर, चोर' म्हणून ओरडतो. सेक्रेटरीला मी तसं सांगितलंही. तो म्हणाला, "काका, पुरावा?" मी म्हटलं, "मिळेल."

एकदा माणूस संशयाने बघायला लागला की सगळंच जुळत जातं. पहाटे तो शेजारच्या सोसायटीत गाड्या धुवायला जायचा. परवानगी घेऊनच जायचा, पण मला वाटायचं, तेवढ्या वेळात कुणी आपल्याला बघितलं नाही असं म्हणायची ही सोय आहे. त्याची बायको आमच्याकडे भांडी घासायची तर मी स्वयंपाकघराच्या दारात पेपर धरून बसायचो. डब्यातले नारळ मोजून ठेवायला लागलो. बायको म्हणाली, "अहो, लाज आहे का थोडी? ती बिचारी खालमानेने काम करून जाते." मी म्हटलं, "खालमानेनेच करतात."

याच दिवसांत बायकोची एक वेगळी भुणभुण चालू होती. माझ्या खांद्यावरच्या पंच्याला तांबडे डाग पडतायत. "कशाला पुसता हात? निघता निघत नाहीत हे डाग." मी म्हणायचो, "हं." परत चार दिवसांनी, "अहो, डागांचं काय ते बघा." "हं." ती म्हणायची, पालथ्या घड्यावर पाणी. त्यालाही मी हं म्हणायचो.

रविवारी मीटिंग ठरली. विषय एकच, वॉचमनला काढणे. खरं सांगायचं तर तो विषय मीच लावून धरला होता. बातमी खाली पोचलीच. त्यांनी दिवा स्टेशनजवळ एक खोली बघून ठेवली, त्याचा मेव्हणा राहतो तिकडे. वॉचमनची बायको भांडी घासता घासता माझ्या बायकोला सांगत होती, तिथे पाण्याला रांग असते, जिना अजून अर्धाच बांधलाय, आणि एवढ्या लांबून इथली कामं धरता येणार नाहीत म्हणजे हाताला काम नाही. मी पेपरच्या आड बसून सगळं ऐकत होतो. मनात म्हटलं, हे मुद्दाम माझ्या कानावर घालतायत.

तरी पुरावा हवाच होता. पार्किंगच्या मागे एक कॅमेरा आहे, तो उगाच समोरच्या भिंतीकडे बघत असतो. बुधवारी दुपारी सगळे झोपलेले असताना मी दांडक्याने ढोसून त्याचं तोंड खड्ड्याकडे वळवलं. कुणाला सांगितलं नाही, सेक्रेटरीलासुद्धा नाही. सेक्रेटरी असल्यापासून कॅमेऱ्याचं चित्रण माझ्या मोबाइलवर दिसतंच. आता सापडतोस, म्हटलं.

गुरुवारी जेवण झाल्यावर पलंगावर आडवा होऊन मी पहाटेचं बघायला घेतलं. साडेचार, काही नाही. पाच, एक कुत्रं. सव्वापाच, वॉचमन बादली घेऊन फाटकाबाहेर गेला. मी उठून बसलो. आता हा परत येणार आणि वॉल्व्हला हात घालणार. पाच सत्तेचाळीसला खरंच कुणीतरी आलं. पण तो वॉचमन नव्हता. कुणीतरी म्हातारा होता. डोक्यावर मधोमध चकाकणारं टक्कल, पाठीत किंचित वाकलेला, चाल फरफटत. मला वाटलं, शेजारच्या सोसायटीतला कुणी दिसतोय, टॅंकरवाल्याचा माणूस म्हणजे हा होय! मी चष्मा पुसला. म्हाताऱ्याने हातातली पिशवी कठड्यावर ठेवली, सराईतपणे झाकण उचललं, गुडघ्यावर हात टेकून वाकला, चाक फिरवलं, उभा राहिला, झाकण पायाने सरकवून बसवलं आणि खांद्यावरच्या पंच्याला हात पुसले. मग पिशवी उचलली. पिशवी हिरव्या खणाची होती. तसली पिशवी अख्ख्या डोंबिवलीत एकच असेल, माझ्या बायकोने जुन्या झंपराची शिवलेली.

मी ते परत बघितलं. सहा-सात वेळा तरी बघितलं असेल. चोर सापडल्याचा आनंद राहिला बाजूला, मला भीती वाटली ती त्या माणसाच्या चेहऱ्याची. तोंड वळवून तो कॅमेऱ्याखालून गेला तेव्हा चेहरा स्पष्ट दिसला आणि त्यावर काहीही नव्हतं. राग नाही, घाई नाही, लबाडी नाही. आत कुणी नव्हतंच. आणि पहाटेचं मला काय आठवत होतं? दूध आणल्याचं आठवत होतं. मधलं काहीच नाही.

आधी मी कॅमेऱ्यावर संशय घेतला. जुनं चित्र दाखवत असेल. मग सेक्रेटरीवर, की याने काहीतरी जोडून टाकलंय. शेवटी ठरवलं, उद्या स्वतःवर नजर ठेवायची. शुक्रवारी पहाटे मी टक्क जागा होऊन निघालो. दर पावलाला मनात म्हणत होतो, वॉल्व्हकडे जायचं नाही. दूध घेतलं. दूधवाला म्हणाला, "काका, रविवारी तुमच्याकडे मीटिंग आहे म्हणे." झालं. मीटिंगमध्ये काय बोलायचं, सेक्रेटरी काय विचारेल, आपण काय उत्तर द्यायचं, हे डोक्यात सुरू झालं. मी आमच्या दारात येऊन बेल वाजवली. बायकोने दार उघडलं. पिशवी तिच्या हातात देताना मला माझ्या हाताचा वास आला. गंजाचा.

तसाच खाली उतरून झाकण उचलून पाहिलं. वॉल्व्ह बंद होता. तो तसाच बंद ठेवून मी वर आलो, कारण मोटर लावायला कुणीतरी येत होतं आणि मला तिथे दिसायचं नव्हतं. चोराला कसं वाटत असेल ते त्या जिन्यात समजलं.

आता खरी गोष्ट सांगतो, जी सांगायला जीभ जड होते. शुक्रवार सगळा मी वेगळाच हिशेब केला. कॅमेऱ्याचं चित्रण आठवड्याने आपोआप पुसलं जातं. मी तोंड परत भिंतीकडे फिरवायचं. दूध दुपारी आणायचं, म्हणजे पहाटे खाली जाणं नको. रविवारी वॉचमन जाईल, सोमवारपासून टाकी भरायला लागेल, आणि सगळे म्हणतील, काका बोलले ते खरं निघालं. पुरावा आपला आपण तयार! इतकं चोख काम बत्तीस वर्षांत कुणी केलं नसेल. दांडकं घेऊन मी पार्किंगमध्ये गेलोसुद्धा. वॉचमनच्या खोलीचं दार उघडं होतं. दारात लोखंडी पेटी काढून ठेवली होती आणि तो तिच्या कडीला सुतळी बांधत होता. मला बघून उठून उभा राहिला. म्हणाला, "जाळी काढायचीत का साहेब? द्या, मी काढतो."

मी दांडकं त्याच्या हातात दिलं आणि वर निघून आलो. त्याने खरंच पार्किंगमधली जाळी काढली.

शनिवारी मी बायकोला सांगितलं. मोबाइल तिच्यापुढे धरला. ती आधी हसली, "अगंबाई, हे तर तुम्ही!" मग तिचं हसू गेलं. ती उठली, कपाटातून पंचा आणला आणि माझ्या मांडीवर टाकला. "तीन महिने सांगतेय. डाग, डाग, डाग. काखेत कळसा आणि गावाला वळसा." मी म्हटलं, मला विस्मरण होतंय का, डॉक्टरला दाखवू या का? तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज कडकच होता. "विसरायला आधी लक्षात घ्यावं लागतं. तुम्ही कधी लक्ष दिलंय? मुलगी बाहेरगावी जायचं म्हणाली, हं. मी ऑपरेशनचं म्हटलं, हं. माझी आई गेली तेव्हासुद्धा आधी हं म्हणालात, मग मान वर केलीत."

मला वाद घालायचा होता. जगभर लक्ष ठेवणारा माणूस मी! लोकांच्या चपला कुठल्या दिशेला ठेवल्यात ते मला कळतं. पण सासूबाई गेल्या तो दिवस आठवून बघितला तर हातात पेपर होता एवढंच आठवलं. तरी त्याच संध्याकाळी डॉक्टरकडे गेलोच. त्यांनी वार विचारला, शंभरातून सात वजा करायला लावले, पाच शब्द सांगून उलटे विचारले. सगळं बरोबर आलं. म्हणाले, तब्येत उत्तम आहे. मला ते ऐकून अजिबात बरं वाटलं नाही. आजार निघाला असता तर सांगायला काहीतरी झालं असतं.

रविवारी दहाला पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. वॉचमन भिंतीला टेकून उभा होता, बायको खोलीच्या दारात. सेक्रेटरी म्हणाला, "काका, तुम्ही बोलणार होतात." मी उठलो. रात्री चार वाक्यं पाठ केली होती, त्यातलं एकही आलं नाही. म्हटलं, "वॉल्व्ह मी बंद करतोय. रोज. मला माहीत नव्हतं." आणि मोबाइल सेक्रेटरीच्या हातात दिला.

मोबाइल या हातातून त्या हातात फिरला. मग मागून कुणीतरी म्हणालं, "जाऊ द्या हो काका, वय झालं." सगळे एकदम सैल झाले, हसले, कुणीतरी चहाचं काढलं. दोन मिनिटांत विषय मिटला. वॉचमन राहणार, ठीक आहे, पुढे चला. माझा संताप झाला. एका माणसाचं बिऱ्हाड उचललं जात होतं आणि हे चहा मागवतात! पण ओरडणार कोणत्या तोंडाने?

खुर्च्या उचलल्यावर मी त्याच्या खोलीशी गेलो. त्याची बायको मला बघून आत वळली. त्या दिवसापासून तिने आमच्याकडची भांडी सोडली, ती आजतागायत. वॉचमन पेटीची सुतळी सोडत बसला होता.

"चूक झाली माझी," मी म्हटलं. "पण तू पलीकडे गाड्या धुतोस, भिंतीवरून तुला दिसलं नाही कधी?"

"दिसायचं की."

"मग सांगितलं का नाहीस?"

त्याने सुतळीवरून मान वर केली. "सांगितलं होतं साहेब. तुम्हालाच. पहिल्याच आठवड्यात. तुम्ही झाकण लावायलात, मी इथं उभा होतो. म्हणलं, साहेब, आता बंद नाही करायचा, फ्लोट बसवलाय. तुम्ही हं म्हणलात आणि वर गेलात. दुसऱ्या दिवशी परत बंद. कमिटीपुढं बी मी तुमच्याकडं बघूनच बोललो. तुम्ही म्हणलात, भूत का? मग मला वाटलं, तुम्ही मुद्दाम करायलात. मला काढायला."

माझ्या तोंडाशी आलं होतं, "अरे, मुद्दाम नाही रे केलं." ते मी गिळलं. तीन महिने मी याच्यावर डोळा ठेवून होतो आणि तीन महिने हा माझ्यावर. त्याने निदान खरं काय ते पाहिलं होतं. आणि मुद्दाम? बायकोशी बोलताना, मुलीला निरोप देताना, नोकरीला जाताना, सासूबाईंच्या दारात उभं राहताना, मी मुद्दाम काय केलं होतं?

तो उठला आणि चपला घालायला लागला.

"कुठे निघालास?"

"वॉल्व्ह उघडायला. सकाळपासून बंदच आहे."

आज पहाटेही मी दूध आणलं होतं. मीटिंगच्या धाकात वॉल्व्हचं लक्षातच आलं नव्हतं. मी त्याला म्हटलं, "तू बस. मी उघडतो."

खड्ड्याशी गेलो, झाकण उचललं, गुडघे टेकले. तो माझ्यामागे येऊन उभा राहिला, माझ्यावर विश्वास ठेवायचं त्याला काही कारण नव्हतं. मी दोन्ही हातांनी चाक धरलं आणि फिरवलं. ते हललं नाही. परत जोर लावला, तेव्हा कुठे करकरत फिरलं. मी फेरे मोजले. सात भरले. तळव्याला चाकाची एक तुटकी कड लागत होती, तिथे माझ्या हाताला घट्टा पडलेला होता, आणि तो मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला.

"जड आहे रे," मी म्हटलं.

"पहिल्यापासून जडच आहे साहेब," तो म्हणाला.